दलदलीतली आपली माणसं

पाइनरिज, दक्षिण कॅरोलिना
१४ जून १८६३

प्रिय थिओडोरा,

तुला पत्र लिहायचं नाही असं मी ईस्टरला ठरवलं होतं आणि ते मी पाळणारही होते. पण ज्युलियनला सुट्टी मिळाली की तो आता आईकडे न येता मावशीकडे उतरतो, तुझ्या चार्ल्सटनच्या घरात पाय पसरून कोलंबी खातो आणि माझ्या पत्रांना उत्तर देत नाही, असं कानावर आलं. म्हणून लिहिते आहे. तू एकाएकी आवडायला लागलीस असं समजू नकोस.

त्याने तुला काय सांगितलं असेल ते मला ठाऊक आहे. "आईला देशापेक्षा भात मोठा." ईस्टरच्या जेवणात, पाहुण्यांसमोर, हेच बोलला तो. समुद्राकाठचे किल्ले बांधायला सरकार माणसं मागतंय, मळ्यावरची आपली काळी माणसं पाठव, म्हणाला. मी नाही म्हटलं. तो उठला, कोट घातला आणि माझ्या गालाला ओठ न लावता निघून गेला.

आता माझी बाजू ऐक. मागच्या उन्हाळ्यात मॉरिस बेटावरच्या किल्ल्यासाठी मी आठ जण पाठवले होते. महिन्याने परत करू, म्हणाले. अडीच महिन्यांनी सहा आले, तेही असे की आठवडाभर उभं राहवेना. उरलेले दोघे तापाने तिथेच गेले. त्यातला एक टायटस, माझ्या मुकादमाचा, प्राइमसचा, धाकटा मुलगा. बांधातून पाणी आत-बाहेर सोडायच्या उघाडीचं दार बसवावं तर त्यानेच. त्याच्यासारखा सुतार आता कुठून आणू? प्राइमसने मला तेव्हा एकच विचारलं होतं, त्याला पुरलं कुठे. मी म्हटलं, कळवतील. त्यांनी कळवलं नाही, आणि भाताची झोडणी चालू झाल्यावर माझ्याकडूनही विचारायचं राहून गेलं.

थिओ, आपण वॉशिंग्टनपासून फुटून वेगळे का झालो? आपली माणसं आपलीच राहावीत, कुणी परक्याने येऊन ती घेऊन जाऊ नयेत, म्हणूनच ना? मग आता आपलंच सरकार दारात उभं राहून म्हणतं, द्या. या देशाला मी मुलगा दिला, तोंडातून हूं की चूं केलं नाही. आता फावडीही मीच द्यायची का?

शेजारच्या नदीत उत्तरेकडच्या यांकी सैन्याच्या बोटी शिरल्या आणि एका सकाळीत मळ्यांवरचे शेकडो गुलाम घेऊन गेल्या, हे तू वाचलं असशील. आमच्याकडे तसं होणार नाही. मे महिना आला की हिवतापाच्या भीतीने आपण गोरे सगळे नदी सोडून इथे देवदारांत येऊन राहतो, थंडीचं पहिलं दहिवर पडेपर्यंत नदीवर एक रात्रही काढत नाही. तेवढे सगळे महिने फेअरहोप मळ्याचं कोठार, भात वाहायचा सपाट होडीसारखा पडाव, उघाड्या, सगळं प्राइमसच्या हाती असतं. किल्ल्यासुद्धा. तीस वर्षांत दाण्याची अफरातफर नाही. आपली माणसं आपली आहेत.

ज्युलियनला म्हणावं, दोन ओळी लिही.

तुझी बहीण,
लविनिया

पाइनरिज
२२ जुलै १८६३

थिओडोरा,

तुझं पत्र मिळालं. "माझा घोडेवाला आणि माळी, दोघांनाही मी किल्ल्यावर पाठवलं आणि मला त्याचा अभिमान आहे." असेल. तुझ्या माळ्याने दोन गुलाब कमी लावले तर चार्ल्सटन उपाशी मरत नाही. माझ्याकडे जुलैमध्ये सरकारने मागितलेले नऊ तरणे गडी गेले तर बांध फुटतात, खारं पाणी आत येतं आणि वर्षाचं पीक जातं. तू पोळीवरचं लोणी दिलंस, माझ्याकडे पोळीच मागतायत.

ज्युलियनचंही आलं, तीन ओळींचं. तो मॉरिस बेटावरच्या त्या वाळूच्या किल्ल्यात आहे. दोन हल्ले झाले, दोन्ही परतवले. वर्तमानपत्रातली नावं मी बोट ठेवून ठेवून वाचली, त्यात तो नाही. तिसरी ओळ अशी: "तोफा दिवसा भिंत पाडतात, ती आम्ही रात्री पुन्हा रचतो, माणसं कमी आहेत, आता तरी पाठव."

मी काल दिवसभर ते पत्र घेऊन बसले होते. माझ्या नऊ माणसांनी काय होणार? तिथे शेकडो लागतात. आणि फेअरहोप बुडालं तर तो लढाईवरून परत कुठे येणार आहे? हे सगळं मी त्याच्यासाठीच राखतेय, एवढं त्याला कळत नाही. त्याचा बापही असाच होता, समोरचं दिसायचं, पलीकडचं नाही.

आता जे लिहिते ते तुझ्यापाशीच ठेव. तू मला आवडत नाहीस, पण तुझ्या पोटात गोष्ट राहते, हे मी लहानपणापासून पाहिलंय. सरकारचा माणूस पुढच्या गुरुवारी इथे येणार आहे. मी आमची नऊही माणसं मागच्या दलदलीत लपवणार आहे. कल्पना माझी. तपशील प्राइमसने बसवला, आणि काय बसवला.

मी त्याला इथे बोलावून घेतलं. तो नेहमीसारखा टोपी हातात धरून पायरीखाली उभा राहिला.

"किती दिवस, बाईसाहेब?"

"तो माणूस जाईपर्यंत. रविवारपर्यंत धर."

"खायला लागेल."

"मक्याचं पीठ घे. खारवलेलं मांस घे, पण बेताने."

त्याने टोपी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "बायका रोज जेवण घेऊन दलदलीत जायला लागल्या तर वाट पडेल. साहेबाचा कुत्रा वाटेवरून माग काढील."

"मग काय करायचं?"

"बायका बरोबरच राहिल्या तर? पोरंही. मागे राहिलेलं पोर रडतं. रडणाऱ्या पोराला कुणी गोड खाऊ दिला की ते बोलतं."

मला पटलं. मी म्हटलं, ने सगळ्यांना.

"चिखलातून पायी गेलो तर पावलं उमटतात. पडावातून गेलं तर पाण्यावर काही उमटत नाही."

"मग पडाव ने."

"दलदलीचं तोंड खालच्या वळणाजवळ आहे. तिथे आपल्याच शिपायांचं ठाणं. ते अडवतील."

मी तिथल्या तिथे कागद मागवला आणि पास लिहिला: प्राइमस, त्याच्यासोबतची नऊ माणसं आणि त्यांची बायकापोरं माझ्या कामासाठी पडावातून जात आहेत, दिवस असो की रात्र, त्यांना अडवू नये. खाली सही. त्याला मी वाचून दाखवला. तो म्हणाला, "छान झाला, बाईसाहेब." आणि घडी घालून टोपीच्या अस्तरात ठेवला.

सरकारी कचेरीतल्या एकालाही इतकं पुढचं सुचत नसेल. तो मुकादम नसता तर सेनापती झाला असता, असं मी फिबीला, त्यांच्यातल्याच माझ्या स्वयंपाकिणीला, म्हटलं. फिबी म्हणाली, "तरी बरं, काळा आहे." आम्ही दोघी हसलो.

ज्युलियनला यातलं काही कळता कामा नये.

लविनिया

पाइनरिज
३१ जुलै १८६३

थिओ,

झालं. तो आला आणि गेला.

ऑरिन स्ट्रोब नाव. डावा हात व्हर्जिनियात ठेवून आलाय, रिकामी बाही खिशाला टाचलेली. मला वाटलं होतं कुणीतरी उर्मट कारकून असेल, त्याला दारातूनच वाटेला लावीन. पण माणूस थकलेला होता आणि बोलायला बरा होता. मग त्याला जेवायला बसवावंच लागलं. फिबीने तांदळाची भाकरी केली आणि रताळ्याची कॉफी.

"बाई," तो म्हणाला, "या जिल्ह्यात मी मुलगा मागितला तर लोक मला जेवायला घालतात. फावडंवाला मागितला तर वकील बोलावतात. तुम्ही जेवायला घातलंत, म्हणजे मला आता भीती वाटते."

"मी वकील बोलावणार नाही, मि. स्ट्रोब. माझ्याकडे देण्यासारखं काही उरलंच नाही."

"म्हणजे?"

"गेले. सगळे गेले. नदीने खाली, यांकींकडे."

"कधी?"

"परवा."

"सगळे?"

"बायकापोरांसकट. माझा मुकादमही. तीस वर्षांचा माणूस." आणि इथे मी रडले. थिओ, इतकी छान मी नवऱ्याच्या दफनालाही रडले नव्हते. फिबी माझ्या मागे भाकरीची थाळी घेऊन उभी होती, तिने थाळी खाली ठेवून मला रुमाल दिला.

स्ट्रोबने खाणं थांबवलं. "माफ करा," म्हणाला. "मीही नेमका अशा दिवशी आलो." एका हाताने त्याने कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "मॉरिस बेटावर आता अधिकारीच फावडी धरतायत. वाळूत खोल्या खणायच्या, त्यांना लाकडाचे टेकू द्यायचे, म्हणजे गोळे पडताना आत बसता येतं. टेकू द्यायला हात नाहीत. तुमचं कुणी आहे का सैन्यात?"

"मुलगा आहे."

"कुठे?"

मी म्हटलं, चार्ल्सटनच्या बाजूला.

"मी तिकडेच चाललोय. नाव द्या. आईवर काय ओढवलं ते त्याला निदान माणसाच्या तोंडून कळू दे, कागदावरून नको."

नाव न द्यायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. आतापर्यंत तो चार्ल्सटनला पोचलाही असेल. ज्युलियन तुझ्याकडे आला तर तू गप्प राहा. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

लविनिया

पाइनरिज
९ ऑगस्ट १८६३

थिओडोरा,

हे पत्र वाचून झालं की जाळ.

रविवारी संध्याकाळी प्राइमस मला सांगायला यायचा होता. आला नाही. वाटलं, सावध माणूस आहे, एक दिवस जास्त थांबला असेल. सोमवारी दुपारी मी गाडी जोडून नदीवर गेले.

झोपड्यांच्या ओळीत कोंबडीही नव्हती. दारं लावलेली होती, चुली झाडलेल्या होत्या. मी बांधावर गेले. उघाड्या सगळ्या नीट बंद, दोऱ्या खुंट्यांना पक्क्या, शेतात पाणी जितकं हवं तितकंच. मला बरं वाटलं. म्हटलं, जो पळून जाणार आहे तो इतकी काळजी कशाला घेईल?

मग कोठाराशी आले. किल्ल्यांचा जुडगा खिळ्याला टांगलेला होता. प्राइमसने तो जुडगा माझ्या हातातून घेतल्यावर कमरेवरून कधी काढला नव्हता. झोपायलाही.

मी त्याच्या झोपडीत गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळं होतं तिथे, भांडी, घोंगडी, देवाच्या पुस्तकातलं भिंतीला लावलेलं एक चित्र. फक्त एक फळी रिकामी होती आणि तिच्यावर धुळीत एक गोल उमटलेला होता. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

परतताना खालच्या ठाण्यावरचा जमादार भेटला, ताक मिळेल का म्हणून विचारायला येत होता. "बाई, तुमची माणसं पोचली का कामावर?" म्हणाला. "दलदलीतून निघून गुरुवारी रात्री गेली ती. तुमची सही पाहिली, लगेच सोडलं. म्हातारा भला माणूस आहे, पोरांना दमात घेत होता, आवाज करू नका, शिपाईदादा झोपले असतील." त्यानेच पडावाला काठावरून ढकलून ओहोटीत लावून दिलं. मी त्याला म्हटलं, हो, पोचली.

काय म्हणणार होते? स्ट्रोबसमोर मी रडून सांगितलंय की ते दोन दिवस आधीच गेले. आता गस्तवाल्यांकडे जाऊन काय सांगू, तेव्हा खोटं बोलले, आता खरं गेलेत, पकडून आणा? सरकारचे मजूर लपवल्याबद्दल मलाच धरतील. आणि गेले ते माझ्याच पिठावर, माझ्याच पडावातून, माझ्याच सहीने.

घरी आल्यावर मी फिबीला समोर उभं केलं.

"कुठे गेले?"

"कोण, बाईसाहेब?"

"फिबी."

ती कणीक मळत होती. मळायची थांबली नाही. "तुम्ही सांगितलंत तिथे."

"मी दलदलीत जायला सांगितलं होतं."

"आधी दलदलीतच होते. गुरुवारी तुम्ही टेबलावर त्या साहेबाला सांगितलंत, यांकींकडे गेले म्हणून. मी निरोप धाडला. प्राइमस म्हणाला असेल, बाईसाहेबांचा शब्द खाली कसा पडू द्यायचा."

तिच्या तोंडावर हसू नव्हतं. मी हात उचलला होता, तो तसाच राहिला. मी विचारलं, "तुझी मुलगी?"

"ती गेली. नातवंडं गेली."

"मग तू का नाही गेलीस?"

"कुणीतरी टेबलापाशी उभं राहायला हवं होतं ना," ती म्हणाली. "आणि माझे पाय. पडावात चढायचं म्हणजे गुडघे लागतात."

नंतर मी तिला त्या फळीचं विचारलं. तिथे टायटसचा कप होता. त्यांच्यात माणूस मेला की त्याने शेवटचा वापरलेला कप फोडून थडग्यावर ठेवतात, म्हणजे तो मागे वळून येत नाही. टायटसचं थडगं कुठे ते कळलं नाही, म्हणून प्राइमसने कप वर्षभर फळीवर ठेवला होता. कोठारात इतकं काही होतं, थिओ. त्यातलं सांगितलेलं पीठ आणि मांस, एवढंच गेलंय. जास्तीचा एक दाणा नाही. घरातून त्याने नेला तो फक्त तो कप.

मला राग आला आहे. आपली माणसं म्हणत होते मी. तुला माहीत आहे, त्याच्या आजारपणात मी स्वतः त्याला तापावरचं कोयनेल पाजलं होतं. आणि हा माणूस माझ्यासमोर टोपी हातात धरून "छान झाला, बाईसाहेब" म्हणतो.

ज्युलियनला सांगू नकोस. अजून नको.

लविनिया

पाइनरिज
३ सप्टेंबर १८६३

ज्युलियन, माझ्या बाळा,

तुझं पत्र उशीखाली ठेवून मी झोपते. ते इतकं वाचलं आहे की घडीवर फाटायला आलंय. "आई, स्ट्रोबने सांगितलं. गेले ते गेले. ईस्टरला मी पाहुण्यांसमोर जे बोललो त्याची मला लाज वाटते, तू तिथे एकटी आहेस आणि मी तुला भाताचा टोमणा मारला. तू काळजी करू नकोस, आम्ही आमचं खणू. पहिलं दहिवर पडलं की सुट्टी काढून सरळ तुझ्याकडे येतो, मावशीकडे नाही."

चार महिने मी या पत्राची वाट पाहिली. आता ते हातात आहे आणि मला ते घेता येत नाही. मावशी म्हणते, तू सांग, नाहीतर मी सांगेन. ती म्हणते म्हणून नाही सांगत. तू माझी माफी मागतोस हे मला सहन होत नाही, म्हणून सांगते.

स्ट्रोब आला तेव्हा माणसं गेली नव्हती. मी लपवली होती. तू पाठव म्हणालास, त्या किल्ल्यातून म्हणालास, ते पत्र माझ्या खिशात असताना मी त्यांना पीठ दिलं, पडाव दिला, पास दिला आणि दलदलीत बसवलं, तुझ्याकडे धाडायला लागू नयेत म्हणून. तिथून ते गेले. ते माझ्याकडून पळाले असं म्हणायलाही मला जागा नाही. मी त्यांना काठापर्यंत पोचवलं.

मला वाटत होतं मी तुझं घर राखतेय. तुला घर हवं असेल तर तू जिवंत हवास, एवढी साधी गोष्ट मी हिशेबात धरली नाही. नऊ माणसांनी काय होतं, असं मी मावशीला लिहिलं होतं. नऊ माणसांनी एका खोलीला टेकू होतो. स्ट्रोब मला ते जेवताना सांगत होता आणि मी त्याच्या थाळीत भाकरी वाढत होते.

उद्या मी स्वतः चार्ल्सटनला निघते. फिबीला घेऊन येते आहे. मला फावडं धरता येत नाही, पण पोती शिवता येतात, वाळूची पोती लागतात असं वाचलंय. तू बोलला नाहीस तरी चालेल. रागावलास तर माझ्यासमोर येऊन रागाव.

तुझी आई

फेअरहोप
२० नोव्हेंबर १८६३

श्री. प्राइमस वेअरिंग यांस,

पांढऱ्या निशाणाच्या बोटीने पलीकडे जाणाऱ्या पत्राला एकच पान चालतं आणि पाकीट उघडं ठेवावं लागतं. म्हणजे आमचे शिपाई हे वाचतील आणि मग तुमचे. वाचोत.

पाकिटावर आडनाव लागतं, असं इथला अधिकारी म्हणाला. मला सांगता येईना. फिबीला विचारलं. ती म्हणाली, "आहे की. वेअरिंग. त्यांच्या आजोबांपासून." मी म्हटलं, मला कधी कुणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही त्यांना कधी पत्र लिहिणार होतात?" तुम्ही मॉरिस बेटावर सुतारकामावर आहात हेही तिच्याकडूनच कळलं. तिला ते कसं कळतं हे मी आता विचारत नाही. तिची मुलगी आणि नातवंडं तिकडे बरी असतील तर तेवढं कळवा, ती विचारत नाही पण दाराकडे बघत असते.

ज्युलियन गेला. तुम्ही त्याला लहानपणी होडी वल्हवायला शिकवलं होतं. आमच्या लोकांनी तो किल्ला सोडला त्याच्या आदल्या दिवशी, गोळ्यांच्या माऱ्यात, तो जी खोली खणत होता तिची वाळू खाली आली. कप्तान लिहितो, टेकू अर्धेच लागले होते. मी तेव्हा चार्ल्सटनमध्ये पोती शिवत होते. त्याला लिहिलेलं माझं पत्र त्याच्या सामानाबरोबर परत आलं, लाखेचा शिक्का न फोडलेला. तो मला माफ करून गेला आणि कशाबद्दल ते त्याला कळलंच नाही.

मी कचेरीत जाऊन विचारलं, माझ्या मुलाला कुठे पुरलं. कप्तान तिथे होता. म्हणाला, किल्ल्याच्या मागे, समुद्राकडे पाठ केली की उजव्या हाताला, गेल्या वर्षीचे मजूर जिथे पुरले होते तिथेच. तिथली वाळू आधीच खणलेली असल्यामुळे मऊ होती आणि वेळ नव्हता. फळी लावली नाही.

मग मी टायटसचं विचारलं. आधी माझ्याचं, मग तुमच्याचं, क्रम तोच होता, खोटं कशाला लिहू. कारकून म्हणाला, बाई, त्यांची नावं कोण ठेवतं. मी म्हटलं, टायटस वेअरिंग, सुतार, लिहून घ्या. त्याने घेतलं नाही. तुम्ही मला हेच विचारलं होतंत आणि मी कळवतील म्हटलं होतं. आता मी कळवते आहे. तो तिथेच आहे, त्या ओळीत. कितवा ते मला सांगता येत नाही.

भाताचं विचाराल तर तुम्ही उघाड्या नीट बांधून गेला होतात म्हणून पीक पिकलं. कापायला कुणी नव्हतं. पाखरांनी नेलं.

बेट आता तुमच्या लोकांकडे आहे. मला तिथे कुणी येऊ देणार नाही. हा हुकूम नाही, हुकूम द्यायला माझ्याकडे काही उरलेलं नाही आणि असतं तरी तुम्ही ऐकायचं कारण नाही. तुम्ही टायटसचा कप घेऊन तिथे जाल तेव्हा शेजारी एखादी नवी जागा दिसेल, वाळू अजून बसली नसेल. करड्या कोटातला मुलगा आहे. त्याचा कप माझ्याकडे आहे, पण निशाणाच्या बोटीतून कागदाशिवाय काही नेत नाहीत. फिबी म्हणते, कप नसला तर शिंपला ठेवला तरी चालतो. तिथे शिंपले असतील.

पान संपलं.

लविनिया